आओरिता म्हणजे केव्हा?

दुवीनं आयुष्यात शर्ट पुष्कळ बदलले, शब्द एकदाही बदलला नाही. आमच्या तळावर हे जमलेली ती एकटीच. बाकी आम्ही सगळे शर्टाबरोबर सूरही बदलणारे. कबूल करायला लाज कसली, तोंडात घास पडतो ना.

शर्टाचं असं आहे बघा. आम्ही आमच्या बेटावरच्या अमेरिकी आरमाराच्या तळावर काम करतो, पण आरमाराचे नोकर नाही. तळावरचे रस्ते, नळ, गटारं, छपरं, गवत, सगळ्याची देखभाल कंत्राटावर. दर काही वर्षांनी निविदा निघते, जुनी कंपनी गाशा गुंडाळते, नवी येते. माणसं मात्र तीच. शुक्रवारी हिरवा शर्ट उतरवायचा, सोमवारी निळा चढवायचा आणि त्याच खड्ड्यात त्याच फावड्यानं उतरायचं. म्हणून कंपन्यांची नावं आम्ही लक्षातच ठेवत नाही. हिरवी, निळी, पिवळी, बस्स. ही गोष्ट नारिंगीच्या काळातली, नव्वदच्या आसपासची.

कंपन्या येतात जातात, राहतो तो पास. फोटो लावलेला, गळ्यात अडकवायचा, फाटकावरच्या पहारेकऱ्याला दाखवायचा. तो एकदा काढून घेतला की कुठल्याच रंगाची कंपनी तुम्हाला दारात उभं करत नाही. मग आमच्या नागुआबो गावच्या किनाऱ्यावर मासे धरा, नाहीतर विमानात बसा आणि न्यूयॉर्कात जाऊन थंडीनं कुडकुडा. हे आधीच सांगून ठेवतो. कारण दुवीचं ऐकलं की लोक म्हणतात, "एवढ्याशा शब्दासाठी एवढं?" एवढासा म्हणे! पास यांच्या गळ्यात नव्हता ना, त्यांना बोलायला काय जातंय.

तर दुवी. पूर्ण नाव एदुविहिस मेसोनेत. बुटकी, रुंद, आवाज असा की मी चालवतो तो खोदाईचा डिगर चालू असताना मला वर केबिनमध्ये ऐकू यायचा. नवरा "तिकडं बस्तान बसवतो आणि तुला बोलावतो" म्हणून कनेक्टिकटला गेला, आणि बस्तान असं बसवलं की बोलवायचंच विसरला. त्याच महिन्यात ही हिरव्या कंपनीत गवत कापायला लागली. रडली असेल, पण आम्ही कोणी पाहिलं नाही. पुढं निळी आली तेव्हा म्हणाली, मला नळाच्या टोळीत घाला. तेव्हाचा साहेब हसला. म्हणाला, "दोन्या," म्हणजे बाईसाहेब, "पाण्याचं काम बायकांचं नव्हे."

"असं?" दुवी म्हणाली. "तुमच्या घरी नळ कोरडा पडला की कोण बादल्या वाहतं? तुम्ही?"

साहेबाची बायको शेजारीच उभी होती. तिनंच मान हलवली आणि दुवी नळाच्या टोळीत गेली. पिवळ्या कंपनीनं तिला मुकादम केलं. आमच्यात बाई मुकादम म्हणजे तेव्हा चेष्टेचा विषय. पहिल्या आठवड्यात टोळीतल्या एकानं तिला शिट्टी घातली. तिनं त्याला दिवसभर तुंबलेल्या गटारात उभं केलं आणि वर काठावर बसून स्वतः शिट्टीवर गाणी वाजवली. त्यानंतर शिट्ट्या बंद.

हेल्मेटच्या पट्ट्यात ती रोज लाल जास्वंदीचं फूल खोचायची. सुरक्षेवाल्यानं एकदा ते काढायला लावलं. नियमात बसत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन फुलं. तिसऱ्या दिवशी तिसरं दिसलं तेव्हा त्यानं नाद सोडला. रविवारी किनाऱ्यावरच्या बाकावर डोमिनो खेळायची. तिथं कोणी सोंगटी टाकून परत उचलायला गेलं की हात धरायची. "टाकलीस ना? मग टाकलीस. बोललेलं आणि टाकलेलं परत घ्यायचं नाही." तिच्याशी खेळायला लोक घाबरत, पण तिच्या बाजूनं खेळायला भांडत.

आता आमच्या कामावर तपासनीस असतो. कंपनीचा नव्हे, सरकारचा. कंपनी काम करते आणि हा बघतो. इतकी वर्षं सगळे तपासनीस निव्वळ इंग्रजीवाले. त्यांना आमचं कळायचं नाही, आम्हाला त्यांचं अर्धंमुर्धं. म्हणून ते सगळं दोनदा विचारायचे. "व्हॉल्व्ह बंद?" बंद. "बंद म्हणजे बंद ना?" हो बाबा, बंद म्हणजे बंद. आम्ही मागून नक्कल करून हसायचो. आणि मग आला रेनाल्डो त्रेविन्यो.

टेक्सासचा. आईबाप मेक्सिकोचे. पहिल्याच दिवशी जीपमधून उतरला आणि आमच्याच स्पॅनिशमध्ये "कसं काय मंडळी?" म्हणाला. आय बेंदितो, काय आनंद झाला आम्हाला! उठता बसता "ओराले, ओराले", म्हणजे "ठीक, चला", म्हणायचा, म्हणून आम्ही त्याचं नावच ओराले ठेवलं. आमच्यात बसून भात खायचा. एकदा सांगत होता, लहानपणी टेक्सासच्या शाळेत स्पॅनिश बोलला म्हणून मास्तरीणबाईनं त्याचं तोंड साबणानं धुतलं होतं. सगळ्यांसमोर. अजून तो वास आला की उठून बाहेर जातो म्हणाला. दुवीनं तिच्या डब्यातली कच्च्या केळ्याची लोणच्यातली फोड त्याच्या ताटात टाकली. म्हणाली, "खा मिस्टर. इथं तोंड धुवायला कोणी येत नाही."

आपला माणूस आला म्हणून सगळे खूष. आणि आपला माणूस असल्यामुळं कोणी कोणाला दोनदा विचारेना. इथंच माशी शिंकली.

त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला आगीच्या बंबासाठीचा नळ बदलत होतो. मी डिगरवर, दुवी खड्ड्याच्या काठावर, बाकीचे आत चिखलात. जुना नळ निघाला होता, नवा काही केल्या बसत नव्हता, आणि सगळ्यांची डोकी तापलेली. तेवढ्यात ओरालेची जीप थांबली. पलीकडं व्यायामशाळेत बास्केटबॉलसाठी नवी लाकडी जमीन घातली होती. थोड्याच दिवसांत सामने, मोठमोठे अधिकारी येणार. तिथल्या भिंतीतला जुना पाईप दुसरी टोळी कापणार होती.

जीपमधूनच तो म्हणाला, "दोन्या दुवी, व्यायामशाळेचा व्हॉल्व्ह बंद करायचाय. आओरिता."

दुवीनं वरही न बघता हात हलवला. "आओरिता, मिस्टर, आओरिता."

"ओराले!" म्हणून तो गेला. एवढंच झालं, एका शब्दाचा फरक नाही. मी डिगरचं इंजिन बंद करून कॉफी पीत होतो, माझ्या या कानांनी ऐकलंय.

आम्ही आमच्या नळाशी झुंजत बसलो. तिकडं ओराले व्यायामशाळेत शिरला, टोळीला म्हणाला, "पाणी बंद आहे, कापा." त्यांनी कापला. पाण्याची धार थेट ओरालेच्या छातीवर! हेल्मेट एकीकडं, चष्मा दुसरीकडं, आणि हा त्या गुळगुळीत जमिनीवरून घसरत घसरत बास्केटच्या खाली. कोणीतरी बोंबलत आमच्याकडं पळत आला तेव्हा दुवी स्वतः धावली आणि व्हॉल्व्ह बंद केला. पण लाकूड पाणी पिऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी जमीन जागोजाग फुगून वर आली. त्यावर चेंडू टाकला तर तो कुठल्या दिशेनं उडेल हे देवालाही सांगता आलं नसतं.

पाईप फुटला त्या दिवशी ओराले भिजलेल्या कपड्यांतच आमच्याकडं आला होता. "तुम्हाला सांगितलं होतं मी! आओरिता म्हणालो होतो!"

"मग? तुम्ही म्हणालात, मीही आओरिताच म्हणाले!"

"आओरिता म्हणालात आणि केलं नाहीत!"

"करणारच होते की! आओरिताच करणार होते!"

दोघं एकच शब्द एकमेकांच्या तोंडावर फेकत होते आणि आम्ही येड्यासारखे याच्याकडं बघ, तिच्याकडं बघ. भांडण कशाचं तेच कोणाला कळेना. रागावली की दुवी "तुम्ही" जास्तच जोरात म्हणते. त्या दिवशी तिचं "तुम्ही" पार तळाच्या टोकाला विमानांच्या धावपट्टीपर्यंत गेलं असेल.

मग कागद आला. तळावर काही फुटलं, तुटलं, बुडालं की कागद येतोच. मुकादम एदुविहिस मेसोनेत हिनं ताबडतोब व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम स्वीकारला आणि पाळला नाही, अशी त्यावरची भाषा. खाली सहीची जागा. सही केली तर मुकादमी जाईल, पुन्हा गवत कापायला. नाही केली तर सरकारच्या कंत्राट अधिकारीबाईंपुढं उभं राहायचं, आणि तिथं पास जाणार हे जवळपास ठरलेलं.

"मी हुकूम मोडला नाही," दुवी म्हणाली. "मोडला असता तर मोडला म्हणाले असते. मोडायला मी घाबरते की काय?" आणि कागद परत केला.

खरं काय झालं होतं ते कळलं चेओच्या टपरीवर. चेओ फाटकाबाहेर बाकालाइतो तळतो, म्हणजे खारवलेल्या माशाची पातळ, कुरकुरीत भजी. आम्ही तिथं बाकावर बसलो होतो. दुवी गप्प होती, आणि दुवी गप्प म्हणजे आम्हाला भीतीच वाटते. ओराले आला. आमच्याकडं न बघता चेओला म्हणाला, "दोन बाकालाइतो आणि एक कॉफी. आओरिता."

"आओरिता, मिस्टर," चेओ म्हणाला आणि शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

ओराले उभा. मागून दोन शिपाई आले, खाऊन गेले. एक बाई आली, पुडा बांधून घेऊन गेली. चेओनं कढई पुसली. रेडिओवरचं गाणं बदललं. ओराले अजून उभाच. शेवटी त्यानं फळीवर हात आपटला. "अहो, माझं काय झालं?"

चेओ बिचारा दचकला. "आत्ता हवंय का तुम्हाला? तुम्हीच तर म्हणालात आओरिता! मला वाटलं साहेबांना अजून भूक नाही, नंतर खातील."

आणि मग दुवीच्या नाकातून कॉफी बाहेर आली. अशी हसली, अशी हसली की बाकावरून खाली यायची राहिली. "मिस्टर! अहो मिस्टर! आओरिता म्हणजे तुमच्याकडं काय?"

"आओरिता म्हणजे आओरिता. आत्ता. लगेच. या घडीला!"

"आमच्याकडं मग! थोड्या वेळानं, हातातलं काम झाल्यावर. आत्ता नाही, मग!" दुवी डोळे पुसत उठली. तिला वाटलं, सुटलं सगळं. मलाही तेच वाटलं. "चला, झालं ना! तुम्ही तुमचं बोललात, मी माझं ऐकलं. तुमचीही चूक नाही, माझीही नाही. फाडा तो कागद आणि खा भजी. माझ्याकडून."

पण टपरीवरचे सगळे हसत होते हो. पोट धरधरून. ओरालेचे कान लाल झाले. ज्याचं तोंड लहानपणी साबणानं धुतलं त्याला त्याच भाषेत चुकलास म्हटलं की ते कुठं लागतं, हे मला आज कळतं. तेव्हा मीही हसत होतो.

"माझ्या आईची भाषा मला शिकवू नका," तो म्हणाला. "सगळ्या जगात आओरिता म्हणजे लगेच. तुमचं स्पॅनिश मोडकं आहे, दोन्या, हा त्यातला प्रकार. तेच लिहितो मी. हुकूम मोडला म्हणत नाही, तुम्हाला भाषा नीट येत नाही म्हणतो. मुकादमी राहील तुमची. माझ्याकडून एवढं घ्या."

आणि भजी न खाताच गेला.

दुसरा कागद खरंच तसाच आला. मुकादमाचं स्पॅनिश भाषेचं ज्ञान अपुरं असल्यामुळं तिला सूचनेचा अर्थ कळला नाही, सबब तिला भाषावर्गाला पाठवावं. आता सांगा! नागुआबोत जन्मलेली बाई, तिला तिच्याच बेटावर तिचीच भाषा शिकायला पाठवायची, तीही टेक्सासच्या हिशोबानं! मी म्हटलं, "दुवी, कर सही. मुकादमी राहते, पास राहतो. वर्गात बसून झोप काढ."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी डिगरचं तेल तपासायला गेलो.

मग नारिंगीचा व्यवस्थापक आला, फेरेर. आमच्याच बेटाच्या राजधानीचा, सान हुआनचा, इस्त्रीचा शर्ट, अत्तर. त्यानं दुवीला आणि मला गाडीत बसवलं, काचा वर केल्या. मी साक्षीदार होतो ना, माझंही मन वळवायचं होतं. तो अगदी हळू बोलला.

"दोन्या, माझ्या घरी माझी आईसुद्धा आओरिता म्हणते. 'कचरा टाकून ये,' म्हटलं की मी म्हणायचो आओरिता, आणि कचरा दुसऱ्या दिवशी जायचा. मला का माहीत नाही? पण पुढच्या वर्षी निविदा आहे. आपलं गिऱ्हाईक आरमार, ते म्हणतंय आओरिता म्हणजे लगेच. मग निविदा होईपर्यंत आओरिता म्हणजे लगेच. काय बिघडतं?"

"बिघडतं काय?" दुवीनं काच खाली केली, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल इतकी. "ऐका फेरेर. पाईप तुम्हाला दिले. रस्ते दिले. गवत दिलं, गटारं दिली. जीभ दिली का? कुठल्या निविदेत दिली, दाखवा मला! माझी आई याच शब्दानं मला थोपवायची, याच शब्दानं निजवायची. आज मी लिहून देऊ की माझ्या आईला बोलता येत नव्हतं? तुम्ही द्या लिहून तुमच्या आईचं! तुमची सही आधी!"

"पास जाईल, दोन्या."

"जाऊ दे! मासे धरीन. मासे तरी विचारत नाहीत आओरिता म्हणजे काय."

असं म्हणाली खरी, पण गाडीतून उतरली तेव्हा पास मुठीत घट्ट धरला होता. मी बघितलं. मासे धरून कोणाचं भागतं नागुआबोत? तिलाही माहीत होतं. मला संताप आला, फेरेरचा, ओरालेचा आणि मघाशी सही कर म्हणालो त्या माझाही.

ठरल्या दिवशी आम्ही अधिकारीबाईंच्या खोलीत गेलो. हॅलेट नाव त्यांचं. वयस्कर, करड्या केसांच्या, पत्रव्यवहारात कठोर म्हणून नावाजलेल्या. खोली इतकी गार की मला शिंक आली. दुवीनं नारिंगी शर्ट कडक इस्त्री केला होता, ओठांना लाली, आणि हेल्मेट काखेत. फुलं तीन.

बाई इंग्रजीतून म्हणाल्या, "यांना स्वतःच्या भाषेत बोलायचा हक्क आहे. दुभाषी कोण हवा?"

फेरेर लगेच पुढं झाला. "मी करतो."

"नको," दुवी म्हणाली. तिला कामापुरतं इंग्रजी येतं, पण त्या दिवशी तिनं एक शब्द वापरला नाही. बोटानं दाखवलं. "हे करतील. मिस्टर त्रेविन्यो. माझी भाषा मोडकी आहे हे त्यांनीच ओळखलं ना? मग मोडकं तोडकं त्यांनाच चांगलं जुळवता येईल."

ओरालेनं मान खाली घातली. बाईंनी त्याच्याकडं बघितलं, "सरकारचेच आहेत, चालेल" म्हणाल्या आणि फेरेरला बाहेर थांबायला सांगितलं. तो दाराच्या काचेतून आत बघत राहिला.

मला विचारलं, काय ऐकलं? मी सांगितलं, ऐकलं ते. मग दुवीची पाळी आली. ती उभीच राहिली. बाईंकडं नाही, ओरालेकडं बघून बोलली.

"मिस्टर, तुमच्या कपड्यांवर पाणी उडालं, त्याचं मला वाईट वाटतं. जमिनीचं त्याहून जास्त वाटतं, चांगलं लाकूड होतं. मला एकदा 'बंद केलं का?' विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते आणि पळत गेले असते. तुम्ही विचारलं नाही, कारण मी तुम्हाला आपली वाटले. मीही विचारलं नाही, कारण तुम्ही मला आपले वाटलात. यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही."

ओरालेनं वाक्य वाक्य इंग्रजीत केलं. खरं सांगतो, इमानानं केलं.

"पण तुमचं तोंड साबणानं धुतलं होतं, मिस्टर. तुम्हीच सांगितलंत, आमच्यात बसून. म्हणाले, तुझी भाषा घाण आहे. आणि आज तुम्ही माझ्यासाठी साबण घेऊन आलात?"

हे वाक्य ओरालेनं इंग्रजीत केलं नाही.

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी विचारलं.

"त्या..." ओराले अडखळला. "त्या साबणाबद्दल म्हणाल्या, मॅडम."

"साबण?"

"माझ्या शाळेतली गोष्ट आहे, मॅडम. माझी." आणि त्यानं सांगितली. सगळी, मास्तरीणबाईसकट. सांगताना खिडकीकडं बघत होता. हॅलेटबाईंनी चष्मा काढला, परत घातला. वाईट वाटलं असेल त्यांना, पण कारभार तो कारभार. जमीन फुगली होती, वर जबाब द्यायचा होता. त्यांनी तो दुसरा कागद दुवीच्या पुढं सरकवला, वर पेन ठेवलं.

"यांना सांगा, हा नुसता उपचार आहे. शिक्षा नाही. सही केली की आजच कामावर जा. आणि सही नसेल करायची तर मला पास ठेवून घ्यावा लागेल. विचारा, सही केव्हा करतात?"

ओरालेनं विचारलं. अगदी हळू.

दुवीनं पेन उचललं. वाटलं, वाकली. शेवटी वाकलीच, आणि का वाकू नये, आम्ही सगळे वाकतोच की. तिनं पेनाचं टोपण लावलं, पेन कागदावर आडवं ठेवलं, हाताची घडी घातली आणि छान हसून म्हणाली,

"आओरिता."

हॅलेटबाईंनी ओरालेकडं बघितलं. "काय म्हणाल्या?"

घाम फुटला त्याला त्या गारठ्यात. लगेच करते म्हणावं, तर पेन तिथं आडवं पडलेलं, टोपण लावलेलं, आणि बाई हाताची घडी घालून उभी, सगळ्यांना दिसतेय. "मग" म्हणावं, तर त्याच्याच कागदाला त्यानंच काडी लावली. दुवी त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. डोमिनोत समोरच्याची सोंगटी यायची वाट बघते ना, तशी.

"मिस्टर त्रेविन्यो?" बाई म्हणाल्या. "केव्हा करतात म्हणाल्या?"

"मग," तो म्हणाला. "त्या म्हणतात, मग करते, मॅडम. आत्ता नाही."

बाई कागद उचलून वाचायला लागल्या. एका ओळीवर बोट थांबलं. "हाच तो शब्द आहे का? यात तुम्ही ज्याचा अर्थ 'ताबडतोब' लिहिलाय, तोच?"

"तोच, मॅडम."

"आणि आत्ता तुम्ही मला त्याचा अर्थ 'मग' सांगितलात."

"हो, मॅडम." त्यानं पहिल्यांदा मान वर केली, दुवीकडं बघितलं. "या बेटावर त्याचा अर्थ मग. मी विचारायला हवं होतं."

हॅलेटबाईंनी कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. "यांना कामावर जाऊ दे," म्हणाल्या. "आणि पास गळ्यात नीट घालायला सांगा, उलटा झालाय."

दुवीनं पास सुलटा केला, हेल्मेट चढवलं. दारातून जाताना ओरालेच्या खांद्यावर थाप मारली, एकच, पण अशी की तो पुढं झुकला. बाहेर फेरेर हातातला रुमाल पिळत उभा होता. धावतच आला. "काय झालं दोन्या? केलीत ना सही? केव्हा करताय?"

"आओरिता," दुवी म्हणाली आणि चालायला लागली.

फेरेर सान हुआनचा माणूस. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.